गाव कुठलं, बोर्डिंग कुठलं

बाहेरगावचा माणूस कोल्हापुरात पहिल्यांदा दसरा चौकात उतरला की त्याची नजर आधी शाहू महाराजांच्या पुतळ्यावर जाते आणि मग चौकाभोवतीच्या पाट्यांवर. इकडं दिगंबर जैन बोर्डिंग, तिकडं मुस्लिम बोर्डिंग, पलीकडं वीरशैव लिंगायतांचं वसतिगृह. पुण्या-मुंबईकडचा असेल तर तो थोडा बावचळतो. जातिधर्माची नावं एवढ्या उघडपणे दगडी इमारतींवर, आणि तीही ज्या राजानं जातिभेदाशी उभा दावा मांडला त्याच्याच पुतळ्याला वेढून? कोल्हापूरकराला त्यात काहीच विशेष वाटत नाही. त्याच्या लेखी ही परीक्षेची केंद्रं आहेत, लग्नाचे हॉल आहेत आणि मोर्चा कुठून निघणार ते सांगायच्या खुणा आहेत.

या शहरातल्या उच्च शिक्षणाची गोष्ट मात्र या पाट्या वगळून सांगता येत नाही. एरवी विद्यापीठाचा इतिहास कुलगुरू, इमारती आणि मानांकनं यांच्या क्रमानं लिहितात. कोल्हापुरात तो खाटा आणि ताटं मोजत लिहावा लागतो. इथं विद्यापीठ १९६२ साली आलं. त्याच्या कितीतरी आधी एक साधा प्रश्न आला होता: खेड्यातला पोरगा शिकायला शहरात आला तर तो झोपणार कुठं आणि जेवणार कुणाच्या पंगतीत?

राजाराम कॉलेज १८८० चं. दक्षिण महाराष्ट्रातलं हे जुनं आणि मानाचं कॉलेज. त्या काळी गोपाळ कृष्ण गोखलेही इथं काही काळ शिकून गेले. पण कॉलेजचं दार उघडं असणं आणि तिथपर्यंत पोचता येणं यांत फार अंतर होतं. पेठांमधल्या ब्राह्मण घरांत नात्यातल्या, ओळखीतल्या मुलांना वार लावून जेवता येई. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या पोराला ती सोय नव्हती. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये यावर पहिला उपाय केला तो अगदी आजच्या विचारांना साजेसा होता. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचं एकच वसतिगृह. कागदावर उत्तम. पण कारभार ज्यांच्या हाती होता त्यांच्याच जातीची मुलं तिथं राहिली आणि चार-पाच वर्षांत हे सर्वांचं वसतिगृह एकट्या ब्राह्मण विद्यार्थ्यांचं होऊन बसलं.

हा फसलेला प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. शाहूंनी पुढं जे केलं ते आज वाचताना उलट्या दिशेनं टाकलेलं पाऊल वाटतं, पण ते या अनुभवातून आलेलं होतं. पांडुरंग चिमणाजी पाटील नावाचा मराठा मुलगा मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात आला आणि त्याच्या राहण्याचाच प्रश्न पडला. त्यातून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. हा मुलगा पुढं पी. सी. पाटील म्हणून शेतीतज्ज्ञ झाला. त्याच साली जैनांचं बोर्डिंग निघालं. १९०६ मध्ये मुस्लिमांचं, १९०७ मध्ये लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. हे नाव मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. मग सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, वैश्य, देवांग, ख्रिश्चन असं करत महाराज १९२२ मध्ये गेले तोवर वसतिगृहांची संख्या विसाच्या पुढं गेली होती. दरबारानं जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, कायमचं उत्पन्न लावून द्यायचं आणि कारभार त्या त्या समाजातल्या चार शहाण्यांनी बघायचा, अशी रीत. आपल्या पोरांच्या जेवणाची जबाबदारी घेताना समाजातले पैसेवाले लोकही खिशात हात घालत. ही गोष्ट महाराजांनी नेमकी हेरली होती.

युरोपातली जुनी विद्यापीठंही अशीच वाढली. मध्ययुगीन पॅरिसमध्ये विद्यार्थी फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड आणि इंग्लिश अशा चार ‘राष्ट्रांत’ विभागलेले असत. परक्या शहरात आधी आपल्या माणसांत पाठ टेकायची, मग वर्गात सगळ्यांत मिसळायचं, ही रीत जगाच्या पाठीवर नवी नाही. फरक एवढाच की पॅरिसचा विद्यार्थी मुलूख विचारून वाटला जाई आणि कोल्हापूरचा जात विचारून.

यावर टीका तेव्हाही झाली, आजही होते. जातवार वसतिगृहांनी जात घट्ट केली, असा तो आक्षेप. त्यात तथ्य आहेच. पण महाराजांनी छपरं वेगळी ठेवली तरी फळा एकच ठेवायचा आग्रह धरला. १९१९ साली त्यांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी मुलं सरकारी शाळांत एकत्र बसतील असा हुकूम काढला. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. म्हणजे खोली, वर्ग आणि पुढं नोकरी अशी ती सलग वाट होती. यातलं नुसतं वसतिगृह उचलून बघितलं तर चित्र बिघडतं.

छपरं वेगळी ठेवण्याची किंमत काय असते, ते एका विद्यार्थ्यानं लवकरच दाखवून दिलं. हा मुलगा हातकणंगले भागातल्या कुंभोजचा, १८८७ चा जन्म, राहायला जैन बोर्डिंगात, शिकायला राजाराम हायस्कूलमध्ये. अभ्यासात बेताचा. कुस्ती, पोहणं आणि उनाडक्या यांत पुढं. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर अंघोळ करून मगच भोजनगृहात यायचं, असं बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे यांनी बजावलं. त्यानं अंघोळ करायला साफ नकार दिला. शिवलो म्हणून बाटलो, हे त्याला मान्यच नव्हतं. त्याला बोर्डिंगमधून काढून टाकलं.

हाच भाऊराव पायगोंडा पाटील. गंमत अशी की त्याला काढणारे लठ्ठे काही सनातनी नव्हते. ब्राह्मणेतर चळवळीतले ते बिनीचे पुढारी, पुढं करवीरचे दिवाण झाले आणि शाहू महाराजांचं पहिलं मोठं इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिलं. पुरोगामी माणसाच्या स्वयंपाकघरातही एक उंबरा असतो तो असा. भाऊरावांना काही काळ राजवाड्यावर आसरा मिळाला. शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढं गेलं नाही. पण १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह चालू केलं की जिथं महार, मराठा, मुसलमान, जैन मुलं एकाच चुलीवर रांधत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथं आले आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं. कोल्हापूरच्या एका बोर्डिंगच्या भोजनगृहात झालेल्या वादाचं उत्तर असं साताऱ्यात शिजलं. आणि पुढं ते कोल्हापुरात परत आलं, त्याकडं वळायचंच आहे.

मधल्या काळात राजाराम कॉलेजच्या वर्गांत कोण कोण बसत होतं, हे बघण्यासारखं आहे. आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या सावळगीचे कन्नडभाषक बसप्पा दानप्पा जत्ती इथं शिकले आणि वकिलीचं शिक्षणही त्यांनी कोल्हापूरच्याच सायक्स लॉ कॉलेजात घेतलं. पुढं ते म्हैसूरचे मुख्यमंत्री, देशाचे उपराष्ट्रपती आणि १९७७ मध्ये काही महिने हंगामी राष्ट्रपती झाले. शिरोळ भागातल्या निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार इथलेच. ते घटना समितीवर गेले. देवराष्ट्रे-कराडकडचे यशवंतराव चव्हाण याच कॉलेजातून १९३८ मध्ये पदवीधर झाले. शिकवायला ना. सी. फडके होते, माधव ज्युलियन होते. प्राचार्य डॉ. बाळकृष्ण मूळचे पंजाबचे, आर्य समाजी, हरिद्वारजवळच्या कांगडीच्या गुरुकुलातून आलेले. त्यांनी इंग्रजीत शिवाजी महाराजांवर चार खंड लिहिले. अर्धमागधी शिकवायला आ. ने. उपाध्ये होते. ते बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, घरची भाषा कन्नड, प्राकृत आणि जैन वाङ्मयाच्या अभ्यासात जगभर नाव. तालुक्याच्या गावाहून फार मोठ्या नसलेल्या तेव्हाच्या कोल्हापुरात पंजाबी प्राचार्य, कन्नड प्राध्यापक आणि फारसीचा जाणकार मराठी कवी एकाच वेळी फळ्यासमोर उभे राहत. छोट्या शहराचं कॉलेज म्हणजे कोतं कॉलेज, ही समजूत इथं टिकत नाही.

या कॉलेजनं तीन विद्यापीठं पाहिली. आधी मुंबई, १९४९ पासून पुणे आणि मग स्वतःच्या गावातलं.

शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झालं. तेव्हा सरहद्दीवर चीनशी युद्ध पेटलेलं होतं. विद्यापीठासाठी ज्यांनी शब्द टाकला ते मुख्यमंत्री यशवंतराव त्याच आठवड्यात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत रुजू झाले. सुरुवातीला ३४ महाविद्यालयं, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि पाच पदव्युत्तर विभाग. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा, एवढा पसारा. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे माणूस, ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादक. त्यांच्या वाट्याला आलं ते सागरमाळाचं उघडं माळरान, साडेआठशे एकर. आज तिथली झाडी बघून कुणाला ते खरं वाटणार नाही. कोकणचे जिल्हे पुढं मुंबई विद्यापीठाकडं गेले, सोलापूरनं २००४ मध्ये स्वतःची चूल मांडली आणि शिवाजी विद्यापीठ तीन जिल्ह्यांपुरतं उरलं. तरी संलग्न महाविद्यालयं आता अडीचशेच्या वर आहेत.

तीन जिल्हे म्हणजे एकजिनसी मुलूख, असं नकाशावरून वाटतं. वर्गात बसल्यावर तसं वाटत नाही.

एका बाकावर माण-खटावची मुलगी असते. तिच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. शेजारी गगनबावड्याची असते, तिच्याकडं जूनपासून चार महिने पावसाची झड थांबत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागातला मुलगा दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेला असतो. तो मराठी बोलतो अस्खलित, पण उत्तरपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की खजील होतो. चंदगडच्या पोराची बोली ऐकून सांगलीचा वर्गमित्र पहिल्या आठवड्यात हसतो. चंदगडला बाजार बेळगावचा, विद्यापीठ कोल्हापूरचं आणि बोलीत कोकणीचा हेल. कोल्हापूरपासून अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इचलकरंजीचा मुलगा रात्री यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करून आलेला असतो, तर शिरोळच्या मुलाच्या घरात २०१९ आणि २०२१ अशा दोन महापुरांचं पाणी शिरलेलं असतं आणि दहावीचं प्रमाणपत्र कुठं ठेवायचं याची अक्कल त्या घराला पुरती आलेली असते. वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

या सगळ्यांना कोल्हापूर पहिला प्रश्न एकच विचारतं: गाव कुठलं? खोलीमालक विचारतो, मेसच्या मावशी विचारतात, कॅन्टीनमध्ये शेजारी बसलेला भावाही विचारतो. वरवर हा आपुलकीचा प्रश्न आहे आणि बऱ्याच वेळा तो खरंच तेवढाच असतो. पण गावानंतर आडनाव येतं, आडनावानंतर ‘गावात कुठल्या बाजूला घर?’ हेही येतं आणि मग उत्तर देणाऱ्याला समोरचा काय मोजतोय ते उमगतं. दलित मुलं या प्रश्नमालेला लवकर सरावतात. मुस्लिम मुलांना नाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’ असं ऐकावं लागतं, हेही या शहरात घडतं. पाट्यांवर जात उघड लिहिणारं कोल्हापूर निदान लपवाछपवी तरी करत नव्हतं. राजारामपुरीपासून सागरमाळापर्यंत गल्लोगल्ली लागलेल्या ‘कॉट बेसिसवर रूम मिळेल’ या पाट्यांवर जातीचा उल्लेख नसतो.

तरीही मिसळणं होतंच, आणि ते बहुधा जेवणाच्या जागी होतं. मेस हा कोल्हापूरच्या विद्यार्थिजीवनाचा कणा. एखाद्या घराच्या पुढच्या सोप्यात चार टेबलं, आमटी-भात, भाकरी किंवा चपाती, बुधवारी-रविवारी मटण किंवा चिकन, शाकाहारींना त्या दिवशी काहीतरी गोड. बिल महिन्याचं. सुट्टीचे खाडे किती धरायचे यावर मावशींशी दर महिन्याला एक लढाई. तांबडा-पांढरा रस्सा पहिल्यांदा चाखून नाकातोंडातून पाणी काढणारा माणदेशी मुलगा आणि घरी कांदा-लसूणही न चालणारी जैन मुलगी एकाच मेसमध्ये वर्षभर काढतात. दोघांच्याही चवीच्या सीमा थोड्या सरकतात. दोघांपैकी कुणीही ते घरी सांगत नाही.

हा मेसचा खर्च कोण भरतं, ते बघितलं तर विद्यापीठ आणि जिल्हा यांचं नातं स्वच्छ दिसतं. उसाचं बिल येतं वर्षाकाठी, तेही तोड लागल्यावर आणि कारखान्याच्या सवडीनं. ते सोसायटीच्या कर्जात वळतं. दर महिन्याला लागणारी रोकड येते ती दुधातून. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘गोकुळ’, विद्यापीठानंतर वर्षभरातच, १९६३ मध्ये उभा राहिला. गावच्या डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी होतं. घरी दोन म्हशी असतील तर एकीच्या दुधावर घर आणि दुसरीच्या दुधावर पोराचं शिक्षण, असा हिशेब राधानगरी-भुदरगडच्या कितीतरी घरांत चालतो. पहाटे धार काढणारी आई असते, वैरण आणणारीही तीच. म्हैस आटली की मेसचं बिल थकतं. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ग्रामीण पतपुरवठा शिकवताना हे कुठल्या पुस्तकात सापडेल कुणास ठाऊक, पण वर्गातल्या निम्म्या पोरांना ते पाठ असतं.

ज्यांना मेसही परवडत नाही त्यांच्यासाठी पूर्वी एसटी होती. सकाळच्या पहिल्या गाडीत गावाकडून डबा ठेवून द्यायचा. तो कोल्हापूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत धाडायचा. झाकणावर दोऱ्यानं बांधलेली नावाची चिठ्ठी. एकाच डब्यात दोन वेळा भागवायच्या, म्हणून आईनं भाकरी जास्त दिलेल्या असत आणि कालवण आटवून दिलेलं असे. चालक-वाहकांच्या भरवशावर पिढ्याच्या पिढ्या पदवीधर झाल्या. त्या वाहकांची नावं कुठल्याच दीक्षांत समारंभात घेतली गेली नाहीत.

एसटी अजूनही या विद्यापीठाचा फिरता विभाग आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. पन्हाळा, कागल, गारगोटीकडची मुलं रोज ये-जा करतात. मुलींचं सगळं वेळापत्रक गावाकडच्या शेवटच्या गाडीला बांधलेलं असतं. दुपारनंतरचं प्रात्यक्षिक लांबलं, ग्रंथालयात पुस्तक उशिरा मिळालं, युवा महोत्सवाच्या तालमीला सरांनी थांबवून घेतलं, की गाडी चुकायची धास्ती. बारावीनंतर कित्येक मुलींना पुढं शिकायची परवानगी मिळते ती ‘गाडी आहे तोवर’ या अटीवर. गावाची मुक्कामी गाडी बंद झाली तर मुलीचं शिक्षण आधी धोक्यात येतं, मुलाचं मागाहून. सरकारनं २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं. चांगलं केलं. पण शुल्क माफ झालेली मुलगीही रात्री आठला फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत जाणारच असते.

मग विद्यापीठाच्या आवारातल्या त्या योजनेकडं येऊ, जिच्या रूपानं भाऊरावांनी साताऱ्यात दिलेलं उत्तर कोल्हापुरात परत आलं. ‘कमवा आणि शिका’. गरीब पदव्युत्तर विद्यार्थ्यानं रोज साधारण तीन तास काम करायचं आणि त्या बदल्यात त्याची राहण्या-जेवणाची सोय व्हायची. काम ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं असेल, कार्यालयात कागदपत्रांचं असेल, आवारातल्या बागेत किंवा शेतीत असेल. जेवणघराचा कारभार मुलंच बघतात. बाजार कुणी आणायचा, वाढपी कोण, कुणाच्या वाटणीचं पीठ संपलं, सगळं. इथं जात विचारून खोली मिळत नाही. घरची परिस्थिती बघून मिळते.

या योजनेचं कौतुक करणाऱ्या भाषणांचा इथं तुटवडा नाही. पण ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी तीन तास खपून दहाच्या तासाला बसणारा मुलगा वर्गात पेंगतो. प्रयोगशाळेच्या विभागांना संध्याकाळपर्यंत राबावं लागतं, त्यामुळं हा मार्ग कला-वाणिज्यच्या मुलांना जास्त सोयीचा पडतो. सोबतची पोरं गाडीवरून येतात तेव्हा हातात खुरपं घेऊन उभं राहायला सुरुवातीला जड जातं. तरीही ज्यांनी हे केलं त्यांच्याशी बोलताना कष्टांपेक्षा त्या भोजनगृहाचीच आठवण आधी निघते. एकमेकांच्या घरचं लोणचं, रात्रीचे वाद आणि स्पर्धा परीक्षेची फुकट मिळालेली जुनी पुस्तकं.

काम करून शिकायची परंपरा या शहरात योजनेच्या बाहेरही आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. ते शिकायला कोल्हापुरात आले. वर्तमानपत्रं विकली, नगरपालिकेत शिपाईगिरी केली, राजाराम कॉलेजातून पदवी घेतली आणि वकील झाले. १९८८ मध्ये त्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रभर हातोहात गेलं. २०१५ च्या फेब्रुवारीत याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. परगावच्या विद्यार्थ्याला पोटाशी धरणारं शहर आणि त्याच विद्यार्थ्याचा म्हातारपणी सकाळच्या फेरफटक्यात खून होणारं शहर एकच. कोल्हापूरच्या उदारपणाविषयी लिहिताना हे वाक्य गाळता येत नाही.

आज वर्तमानपत्रं टाकणारी मुलं कमी दिसतात. त्यांच्या जागी रात्री घरोघर जेवणाची पार्सलं पोचवणारी, शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारी, मोबाईलच्या दुकानात बसणारी मुलं आहेत. त्यातल्या अनेकांचं नाव विद्यापीठाच्या पटावर असतं आणि चित्त स्पर्धा परीक्षेत. अभ्यासिकेत जागा धरून दिवसभर बसायचं, एम.ए.ला प्रवेश घ्यायचा तो वसतिगृह आणि ग्रंथालय मिळावं म्हणून. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात संदर्भग्रंथांपेक्षा चालू घडामोडींच्या मासिकांभोवती गर्दी जास्त, ही प्राध्यापकांची जुनी तक्रार. तक्रार खरी आहे. पण दोन-तीन एकर जमीन, दोन भाऊ आणि आटत चाललेलं दूध यांच्याकडं बघून मुलानं कुठल्या विषयावर संशोधन करावं, हे सांगायला कुणी प्राध्यापक पुढं येत नाही.

सरकारची मदत आहे, आणि तिला नावंही मोठी आहेत. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या शुल्क सवलतीला राजर्षी शाहू महाराजांचं नाव. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी योजना डॉ. आंबेडकरांच्या नावानं, ‘स्वाधार’. अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठीचा निर्वाह भत्ता डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं. मराठा-कुणबी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सारथी’ संस्थेचं उपकेंद्र २०२१ मध्ये शाहू जयंतीला कोल्हापुरात उघडलं. कागदोपत्री १९०१ च्या त्या एका मुलाची अडचण शतकानंतर पुरी सुटलेली आहे. प्रत्यक्षात जुलै-ऑगस्टमध्ये महा-ई-सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातपडताळणी आणखी कुठून, बँक खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून अर्ज परत, संकेतस्थळ बंद म्हणून मुदतवाढ. हप्ता जमा होतो तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं आणि खोलीभाडं मात्र पहिल्या तारखेलाच द्यायचं असतं. शाहू महाराजांच्या काळात विद्यार्थ्याला राजाला गाठावं लागे. आता पोर्टलला गाठावं लागतं, आणि ते भेटेलच असं नाही.

जुन्या बोर्डिंगांचं काय झालं? काही अजून विद्यार्थी ठेवतात आणि काहींनी आपल्या समाजाबाहेरच्या मुलांनाही घ्यायला सुरुवात केली. काहींच्या आवारात दुकानगाळे उठले. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसनं पुढं न्यू कॉलेजसारखं मोठं कॉलेज काढलं. खेड्यातून आलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी आता सरकारी वसतिगृहाच्या यादीत किंवा पाचगाव-मोरेवाडीच्या भाड्याच्या खोलीत सापडतो. कधीकाळी ज्या समाजानं बोर्डिंग बांधलं त्याची सुस्थितीतली मुलं आता पुण्याला जातात.

आणि एक विद्यार्थी असाही आहे की ज्याच्यासाठी कोल्हापूर घरापासून पाऊण-एक तासावर असूनही परराज्यात आहे. निपाणी इथून साधारण चाळीस किलोमीटर. निपाणीच्या, बेळगावच्या, खानापूरच्या मराठी घरांतली मुलं शिकायला कोल्हापूरकडं बघतात. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागाच्या वेगळ्या जागा आहेत. त्यासाठी आपलं गाव त्या यादीत असल्याचा आणि आपली मायबोली मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. बहुतेकांचं रेशनकार्ड कानडीत असतं आणि दहावीची गुणपत्रिका बेंगळुरूच्या मंडळाची. वर्गात आल्यावर यांच्या बोलीत मधूनच कानडी हेल लागतो आणि त्यांनाही तोच प्रश्न येतो, गाव कुठलं? उत्तर दिलं की पुढचा प्रश्न बहुधा असा असतो: मग तिकडं तुम्हाला मराठी बोलू देतात काय? ती मुलं हसतात, कारण जत्तींच्या सावळगीहून किंवा उपाध्यांच्या सदलग्याहून जो राजाराम कॉलेजला यायचा त्याला असलं काही सिद्ध करावं लागत नव्हतं. प्रवेशाच्या फेरीत सीमाभागाच्या खात्यात जागा लागली तर त्यांना महिनाभरात खोली शोधायची असते, मेस लावायची असते आणि शनिवारी दुपारची निपाणी गाडी कुठल्या फलाटाला लागते ते बघून ठेवायचं असतं.